आल्फचा उजवा कान

इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात नवीन माणसाशी माझी ओळख करून देताना कुणीतरी हटकून म्हणतं, "या सुनंदाताई. यांनी ब्रिटिश रॉक स्टार लोकांच्या कानात बोटं घातलीयत." सगळे हसतात, मीही हसते. यंदा संपादकांनी आग्रहच धरला की दिवाळी अंकासाठी त्या गमतीजमती लिहाच. गमतीजमती होत्या, नाही असं नाही. पण लिहायला बसले की हात एकाच फाइलकडे जातो, आणि त्या फाइलमध्ये गंमत फार थोडी आहे. तेव्हा वाचणाऱ्यांनी आधीच माफ करावं. नावं मी बदलली आहेत. बँडचं नाव तर सांगणारच नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि त्यांनीही गप्प बसावं.

मी ऑडिऑलॉजिस्ट. म्हणजे कानाची डॉक्टर नव्हे, हे मला गेली तीस वर्षं सांगावं लागतंय. कानाचा आजार डॉक्टर बघतो. किती ऐकू येतं, काय ऐकू येत नाही आणि उरलेलं कसं वाचवायचं, ते आम्ही बघतो. मुंबईत शिकले, लग्न होऊन शिकागोजवळच्या शॉमबर्गला आले, इथल्या परीक्षा दिल्या आणि डॉ. अविनाश यांच्या क्लिनिकमध्ये नोकरी धरली. डॉक्टर नागपूरचे, आमच्या आधीच्या पिढीतले. मंडळाचा पहिला गणपती ज्यांनी गॅरेजमध्ये बसवला त्यांच्यापैकी एक. सगळ्यांची मुलं त्यांना काका म्हणायची. मला त्यांनी काम शिकवलं, माझ्या ग्रीन कार्डासाठी धावपळ केली. हे लिहून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे येणार आहे ते कृतघ्नपणाचं वाटू नये.

आमच्याकडे येणारे बहुतेक म्हातारे, कारखान्यातले कामगार आणि कानात मणी घालून घेतलेली मुलं. गायक-वादक सुरू झाले ते अपघातानं. शिकागोला कार्यक्रम करायला आलेल्या एका इंग्लिश बँडच्या साउंड इंजिनियरनं दुपारी दारात येऊन विचारलं, आमच्या गायकाच्या कानातलं यंत्र तुटलंय, दुसरं करून मिळेल का? हे यंत्र म्हणजे गायकाच्या कानात बसवलेला छोटा स्पीकर. स्टेजवरच्या गोंगाटात त्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. तो ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाचा लागतो. आधी कानात खोलवर दोरा बांधलेला कापसाचा बोळा ठेवायचा, म्हणजे पडद्याला इजा होत नाही. मग पिचकारीनं गुलाबी सिलिकॉन भरायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि अलगद ओढून काढायचं. गायकाचा साचा तोंड उघडं ठेवून घ्यावा लागतो, कारण जबडा हलला की कानाची नळीही हलते. त्या गायकाला मी गात राहा म्हटलं, तर पाच मिनिटं त्यानं अशी काही आरोळी लावली की बाहेर बसलेल्या आमच्या एक आजी रिसेप्शनिस्टला विचारत होत्या, आत कुणाला इतकं दुखतंय?

तिथून नाव पसरलं. या लोकांचं जग लहान असतं. शिकागोला आलात तर शॉमबर्गच्या 'सू'कडे जा, असं एकानं दुसऱ्याला सांगितलं. सुनंदाचं सू झालं ते तेव्हापासून. मी त्यांची गाणी कधी ऐकली नव्हती. माझी मुलगी मात्र एकदा क्लिनिकमध्ये आली असताना कॉरिडॉरमधल्या माणसाला बघून थिजली आणि मला बाजूला ओढून म्हणाली, "आई, डू यू इव्हन नो हू दॅट इज?" मी म्हटलं, उजव्या कानात मळ भरपूर आहे, तेवढं माहीत आहे.

तो माणूस म्हणजे आल्फ. तसा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, मराठीत लिहिताना 'ते' म्हणायला हवं. पण त्याच्या भाषेत अहोजाहो नाही, आणि तो स्वतःला साहेब म्हणवून घेणारा नव्हता. बर्मिंगहॅमच्या बाजूच्या एका काळ्या, कारखान्यांच्या गावातला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून प्रेसशॉपमध्ये लागलेला. तिथे पत्र्यावर दिवसभर घणासारखे ठोके पडायचे. ढोलवाला हॅरी त्याच्याच गल्लीतला, शेजारच्या मशीनवर. दोघांनी मिळून बँड काढला, आल्फ गिटारवर. आल्फ म्हणायचा, त्या मशीनच्या वर ऐकू जाईल असं काहीतरी वाजवायचं होतं, एवढीच मूळ कल्पना. पुढे लोकांनी त्यावर पुस्तकं लिहिली.

इंग्लंडात नाव झालं तरी करिअर झालं असं या लोकांत म्हणत नाहीत. अमेरिका झाली पाहिजे. पहिल्या वेळी ते आले ते दुसऱ्या कुणाच्या कार्यक्रमाआधी अर्धा तास वाजवायला. एका व्हॅनमध्ये सात माणसं आणि सगळं सामान. त्यानंतर चाळीस वर्षं तो दर दोन-तीन वर्षांनी येतच होता. मधे गायक भांडून गेला, कोर्टात गेला, परत आला. एकाचं दारूत संपलं. आल्फ आणि हॅरी मात्र जागचे हलले नाहीत.

पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याची तपासणी केली. काचेच्या खिडकीची छोटी आवाजबंद खोली असते. माणूस आत हेडफोन लावून बसतो, हातात बटण. मी बाहेरून बारीकबारीक स्वर सोडते, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. त्याचा आलेख निघतो. आल्फचा आलेख मी पुढे विद्यार्थ्यांना दाखवायची, नाव झाकून. डावीकडून सरळ येणारी रेघ एकदम कड्यावरून कोसळावी तशी. कानाच्या आत गोगलगाईसारखी एक नळी असते, तिच्यात केसांसारख्या पेशींच्या रांगा. आवाजानं त्या वाकतात, पुन्हा उभ्या राहतात. पायवाटेवरचं गवत रोज तुडवलं तर एक दिवस उठत नाही, तसंच यांचं. डोक्यावरचे केस गेले तर टोप मिळतो, हे केस गेले की गेले. आधी बारीक आवाज जातात. स, श, फ, थ. माणसाला वाटतं, हल्ली सगळे पुटपुटायला लागलेत. आल्फची बायको मॉरीन फोनवर काय म्हणते ते त्याला कळेनासं झालं होतं. तो म्हणायचा, तिला वाटतं मी मुद्दाम ऐकत नाही.

कानात शीळही होती त्याच्या, अष्टौप्रहर. इतर पेशंट सांगतात, रातकिडे वाजल्यासारखं होतं. आल्फनं गिटारवर शोधून तो सूर नेमका कोणता ते काढलं होतं, आणि आता त्या सुराच्या जवळपासचं काही वाजवत नाही म्हणाला. दोन सुरांचं भांडण होतं.

मी त्याला कानातली यंत्रं करून दिली, बोळे करून दिले. त्यानं कधीही नीट वापरले नाहीत. हातमोजे घालून गिटार वाजवल्यासारखं वाटतं, हे त्याचं उत्तर. एकदा त्याच्या आग्रहावरून मी कार्यक्रमाला गेले, स्वतःच्या कानात दोन्ही बोळे घट्ट बसवून. छातीच्या फासळ्या हलत होत्या. मला ते संगीत त्या दिवशीही कळलं नाही. पण माझ्या शेजारी माझ्याच वयाचा, टाय सैल केलेला एक माणूस ढसाढसा रडत होता, आणि स्टेजवर आल्फ डोळे मिटून, मान हॅरीच्या बाजूला कलती करून वाजवत होता. ढोल त्याला कमी ऐकू यायचा, म्हणून तो पायाखालच्या फळीतून घ्यायचा. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, आज पहिल्यांदा मला कळलं की हा माणूस काय गमावतोय.

मग निरोपाचा दौरा आला. हॅरीची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. दौरा संपला की इंग्लंडात डायलिसिस सुरू व्हायचं होतं. त्याच्या डॉक्टरांनी जेमतेम परवानगी दिली होती. शिकागोचा कार्यक्रम झाला, पुढे मिलवॉकी, मिनिआपोलिस, डेट्रॉइट आणि शेवटचा न्यू जर्सीत. शिकागोच्या कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आल्फ उठला आणि डावा कान बंद. सर्दीसारखा दडपलेला नव्हे, बंद. तो टॅक्सी करून थेट माझ्याकडे आला.

अचानक कान जाणं ही आमच्याकडे हार्ट अ‍ॅटॅकसारखी गोष्ट. लगेच स्टिरॉइड सुरू करायचं, आणि मोठ्या आवाजापासून लांब राहायचं. तपासलं तर डाव्या कानात जवळजवळ काही उरलं नव्हतं. उजवा आधीच अर्धा. म्हणजे आता हा एकच कान, आणि तोही म्हातारा. डॉक्टरांनी औषध दिलं. मी रिपोर्ट लिहिला आणि शेवटची ओळ टाकली: रुग्णानं मोठ्या आवाजापासून पूर्ण दूर राहावं, वादन बंद.

दुपारी दौऱ्याचा मॅनेजर आला. ड्वेन नावाचा, इस्त्रीच्या शर्टातला, अत्यंत सभ्य अमेरिकन. खलनायक असता तर मला आज बरं वाटलं असतं. त्यानं समजावून सांगितलं की दौऱ्याच्या विम्याच्या नियमाप्रमाणे मध्येच कुणी आजारी पडलं तर डॉक्टर आणि तज्ज्ञ दोघांचं पत्र लागतं. पत्र नसेल तर आल्फ स्टेजवर चढू शकत नाही, आणि आल्फ नाही तर दौरा इथेच संपला. मी म्हटलं, मग संपला. तो म्हणाला, हे तुम्ही आल्फलाच सांगा.

डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर बँडनं सही करून दिलेली गिटार टांगलेली होती. ते मराठीतच बोलले, जसे ते महत्त्वाचं काही असलं की बोलायचे.

"सुनंदा, उगाच डिफिकल्ट करू नकोस. त्याला स्वतःलाच जायचंय. आपण फक्त डॉक्युमेंट करतोय."

"डॉक्टर, त्याला एकच कान उरलाय."

"प्रोटेक्शन घालून वाजवेल. तेवढी एक ओळ बदल."

मी बदलणार नाही म्हणून बाहेर पडले. आणि तपासणीच्या खोलीत आल्फ बसला होता. उजवा कान माझ्याकडे करून, मान वाकडी करून बसला होता, कारण आता त्याला सगळं त्याच बाजूनं घ्यायचं होतं. मी त्याला सगळं स्पष्ट सांगितलं. थांबलास तर उजवा टिकेल, मॉरीनशी बोलता येईल, गिटार घरी हळू वाजवता येईल. नाही थांबलास तर मी काहीही वचन देत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, हॅरीला अजून माहीत नाही. त्याला सांगितलं तर तो स्वतःच थांबवेल, आणि मग त्याच्या आयुष्याचा शेवटचा कार्यक्रम कालचा ठरेल, जो धड झालाही नाही.

"पन्नास वर्षं तो माझ्या मागे बसून वाजवतोय, सू," आल्फ म्हणाला. "चार कार्यक्रम दे मला. यंत्रं कानात घालीन. शपथ."

तो घालणार नाही हे मला माहीत होतं. एका कानानं त्याला बँड कुठे आहे हेच कळणार नव्हतं. पहिल्या दहा मिनिटांत तो यंत्र उपटून फेकणार, हे मला त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसत होतं. तरी मी बाहेर गेले, संगणकासमोर बसले आणि शेवटची ओळ खोडून दुसरी लिहिली: योग्य श्रवणसंरक्षणासह वादन चालू ठेवता येईल. आमच्या धंद्यात 'योग्य संरक्षणासह' या दोन शब्दांखाली वाटेल ते पाप झाकता येतं. खाली डॉक्टरांची सही झाली, शेजारी माझी.

कुणी विचारेल, डॉक्टरांचं दडपण होतं का? होतं. पण मी ते पत्र डॉक्टरांसाठी लिहिलं नाही. खरं सांगायचं तर आल्फसाठीही नाही. नाही म्हणणारी बाई मी होऊ इच्छित नव्हते. त्या माणसांनी मला आपलं मानलं होतं, सू म्हटलं होतं. या देशात इतकी वर्षं राहून मला तसं फार ठिकाणी कुणी मानलं नव्हतं.

डेट्रॉइटच्या दुसऱ्या दिवशी ड्वेन स्वतः गाडी चालवत त्याला घेऊन आला. आल्फ मागच्या सीटवर बसला होता. त्याला हातानं धरून उतरवलं, कारण कान गेले की तोलही डळमळतो. मी त्याला आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. हे सगळं त्याला पाठ होतं. त्यानं नेहमीसारखे डोळे मिटले, अंगठा बटणावर ठेवला.

डाव्या कानाचा प्रश्नच नव्हता. उजव्यात मी नेहमीच्या पातळीवर स्वर सोडला. तो हलला नाही. पाच डेसिबलनं वाढवला, मग आणखी पाचनं. माणसाच्या बोलण्याची पातळी गेली, ओरडण्याची गेली. शेजारून विमान जावं अशी पातळी आली, तरी तो शांत बसून होता, लक्ष देऊन, शाळेतल्या मुलासारखा. मग माझ्या यंत्रावरचा दिवा लागला. याच्या पुढे यंत्रात आवाज नाही, असा त्याचा अर्थ. मी दुसरा स्वर घेतला, तिसरा घेतला. प्रत्येकाच्या शेवटी तोच दिवा.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले, काचेतून माझ्याकडे बघितलं आणि बहिरी माणसं बोलतात तसं फार मोठ्यानं विचारलं,

"सुरू केलंस का?"

मी कागदावर लिहून काचेला लावलं: संपलं. तपासणी संपली, एवढंच मला म्हणायचं होतं. त्यानं ते वाचलं, मान हलवली आणि हेडफोन स्वतःच्या हातानं काढून खुंटीवर नीट अडकवले.

इंजेक्शनं दिली, सगळं केलं. काही परत आलं नाही. तीन दिवसांनी मॉरीन इंग्लंडहून आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. लहानखुरी, पांढऱ्या केसांची, पायात चालण्याचे बूट. तिनं सगळे रिपोर्ट चष्मा लावून वाचले, ओळन्‌ओळ. मग विचारलं,

"तू त्याला जा म्हणालीस?"

"मी त्याला थांब म्हणाले होते."

"हो. पण लिहिलंस काय?"

तिनं कागद घडी घालून पर्समध्ये ठेवले. माझ्या हाताला हात लावून ती बाहेर गेली. तिनं आरडाओरडा करायला हवा होता.

न्यू जर्सीचा कार्यक्रम रद्द झाला. हॅरी तसाच घरी गेला आणि पुढच्या हिवाळ्यात वारला. आल्फ त्याच्या अंत्यसंस्काराला गेला, पण कोण काय बोललं ते त्याला एक अक्षर कळलं नाही. बँडच्या नावाची मालकी होती रेकॉर्ड कंपनीकडे. त्यांनी एक तरुण गिटारवाला आणि एक तरुण ढोलवाला घेतला आणि निरोपाचा दौरा आणखी दोन वर्षं चालवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका वार्ताहरानं आल्फच्या कानांबद्दल विचारलं तेव्हा कंपनीनं उत्तर दिलं की त्यांना अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी लेखी परवानगी दिलेली होती. ते खोटं नव्हतं.

डॉक्टरांनी मला फाइल नीट लावून ठेवायला सांगितली, कधी कुणी मागितली तर. कुणी मागितली नाही. आमच्यात तो विषय पुन्हा निघाला नाही. मी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मंडळाच्या हॉलमध्ये माझ्यावर छान भाषण केलं. सुनंदाच्या हातून कधी चूक झाली नाही, असं ते म्हणाले. पुढच्या रांगेत बसून मी नमस्कार केला. भाषणानंतर कुणीतरी मला त्या रॉक स्टारचा किस्सा सांगा म्हणालं, तेव्हा मी आजींचा आणि आरोळीचा किस्सा सांगितला.

गेल्या वर्षी मॉरीनची ई-मेल आली. इतक्या दिवसांत पहिली. आल्फच्या उजव्या कानात ऑपरेशन करून कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं होतं. हे यंत्र कान सोडून थेट नसेला विजेचे झटके देतं, आणि मेंदू त्यातून शब्द ओळखायला शिकतो. शब्द चांगले कळतात. संगीत मात्र बहुतेकांना भांडी कोसळल्यासारखं वाटतं. मॉरीननं लिहिलं होतं की आता तो तिचं बोलणं ऐकतो, चहा हवा का विचारलं की हो म्हणतो, हे खूप आहे. मग एका सकाळी न सांगता तिनं त्याची एक जुनी रेकॉर्ड लावली, त्याची आणि हॅरीची. आल्फ पेपर वाचत होता. थोडा वेळ त्यानं ऐकलं, आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, हा काय आवाज आहे?

मी त्याला रेडिओ आहे म्हणाले, असं तिनं लिहिलं होतं. आणि बंद केला. आता तूच सांग, सरावानं त्याला ते कधी ओळखू येईल का?

मी दोन दिवस थांबले. अशा प्रश्नाला आम्ही पेशंटला जे सांगतो ते वाक्य ठरलेलं आहे, सगळ्या क्लिनिकांमधून तेच देतात. मी ते तिला लिहिलं: धीर धरा, नियमित सरावानं हळूहळू फरक पडू शकतो. खाली माझं नाव घातलं. त्या घरात माझ्या सहीनं गेलेलं, आणि मला स्वतःला खरं न वाटणारं, हे दुसरं वाक्य.

तिचं उलट उत्तर आलं. तिनं थँक्यू म्हटलंय. आणि रोज सकाळी नाश्त्यानंतर ती त्याला अर्धा तास ती रेकॉर्ड ऐकवते.